पक्ष्याच्या अंगावरची सावली

गेल्या काही वर्षांत सिंधुदुर्गातल्या वन्यजीव छायाचित्रांत एक वेगळाच उजेड दिसू लागला आहे. धनेश वडाच्या दाट फांद्यांत बसलेला असतो, मागे भर दुपारचं आभाळ असतं, तरी त्याच्या पोटाचं पीस न् पीस, चोचीवरचा ओरखडा, पानांच्या शिरा आणि मागचे ढग असं सगळं एकाच तेजाने लखलखत असतं. खंड्या कांदळाच्या मुळावर बसलेला असतो आणि मुळांच्या आतल्या अंधाऱ्या बिळातली कुर्लीसुद्धा मोजून घ्यावी इतकी स्पष्ट दिसते. असे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतात, ‘माशाअल्लाह’पासून ‘एक नंबर’पर्यंत प्रतिक्रिया येतात, आणि हा उजेड आला कुठून हे कुणी विचारत नाही.

तो एचडीआरमधून आलेला असतो. हाय डायनॅमिक रेंज. हे तंत्र मी स्वतः वापरतो, त्यामुळे त्याच्यावर सरसकट दगड मारायला मी बसलेलो नाही. पण ते कुठे वापरावं, कुठे वापरू नये आणि वापरलं तर काय सांगावं, यावर माझं ठाम मत आहे. आमच्या मसुऱ्यासारख्या गावात हा प्रश्न कलेपुरता उरत नाही. तो का, ते पुढे येईलच.

आधी उजेडाचं बोलू. मसुरे गड नदीच्या काठी आहे. ही नदी कणकवलीवरून खाली येते, मसुऱ्यापुढे कालावलची खाडी होते आणि तोंडवळी-तळाशीलच्या वाळूच्या दांड्याला वळसा घालून समुद्राला मिळते. अलीकडे भरतगड, पलीकडच्या काठावर भगवंतगड, मधे पाणी आणि कांदळवन. फजरनंतर खाडीवर गेलं तर पहिला अर्धा तास सगळं राखाडी असतं आणि कॅमेऱ्याला काहीच अडचण येत नाही. सूर्य वर आला की पाण्याचा आरसा होतो, कांदळाच्या आत मात्र अजून रात्रच असते. या दोन्हींच्या सीमेवर पांढराशुभ्र बगळा उभा राहतो. पाण्याला सांभाळावं तर कांदळ कोळसा होतो, आणि कांदळाला उजळावं तर बगळ्याच्या जागी पांढरा कागद कापून लावल्यासारखं दिसतं.

छायाचित्रणात उजेड ‘स्टॉप’मध्ये मोजतात. एक स्टॉप वाढला म्हणजे उजेड दुप्पट झाला, कमी झाला म्हणजे निम्मा. आजच्या उत्तम कॅमेऱ्याचा सेन्सर एका वेळी चौदा-पंधरा स्टॉप पकडतो. चौदा स्टॉप म्हणजे सर्वांत काळ्या आणि सर्वांत पांढऱ्या छटेत १६,३८४ पटींचं अंतर. ऐकायला भरपूर वाटतं. पण निसर्गाकडे बघा. उघड्यावरचं भर दुपारचं ऊन साधारण एक लाख लक्स भरतं आणि पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास. आपला डोळा या दोन्हींत काम करतो, पण एकाच वेळी नाही. उन्हातून अंधाऱ्या खोलीत आलो की आधी काही दिसत नाही, आणि अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात.

आता उलटी बाजू. कॅमेऱ्याने चौदा स्टॉप पकडले तरी ते दाखवायचे कुठे? साध्या पडद्यावर काळ्या-पांढऱ्यातलं अंतर हजाराला एक, म्हणजे दहा स्टॉपच्या घरात. छापील कागदावर सहा-सात. म्हणून एचडीआरचं काम निम्मं पकडण्याचं आणि निम्मं दाबण्याचं आहे. वेगवेगळ्या एक्सपोजरचे तीन-पाच फोटो काढून त्यांतून उजेडाची मोठी पट्टी तयार करायची, मग ती पट्टी छोट्या पडद्यात बसेल अशी आवळायची. या आवळण्याला टोन मॅपिंग म्हणतात. लोक ज्याला ‘एचडीआर लूक’ म्हणतात तो इथे जन्मतो, कॅमेऱ्यात नाही. सावली किती वर ओढायची आणि ऊन किती खाली दाबायचं, हे सॉफ्टवेअरच्या दांड्यावर बसलेलं बोट ठरवतं.

हा झगडा जुना आहे. बसऱ्यात साधारण ९६५ साली जन्मलेला आणि पुढे कैरोत राहून काम केलेला इब्न अल-हैसम आपल्या ‘किताबुल मनाझिर’मध्ये याच गोष्टीकडे लक्ष वेधतो. प्रखर उजेड डोळ्याला दुखवतो आणि मंद उजेडाला झाकून टाकतो. तारे दिवसाही आकाशात असतात, पण उजळलेल्या हवेपुढे डोळा ते टिपू शकत नाही. हजार वर्षांपूर्वीच्या या निरीक्षणात डायनॅमिक रेंजचा सगळा प्रश्न आला आहे. आपल्याकडे इब्न अल-हैसमचं नाव भाषणात टाळ्यांसाठी घेतलं जातं आणि त्याने केलं काय ते सांगायचं राहून जातं, म्हणून हे जरा थांबून लिहिलं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराला समुद्रापुढे हीच अडचण आली. तेव्हाच्या काचा निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद देत, त्यामुळे लाटा नीट याव्यात तर आभाळ कोरं पांढरं होई. त्याने आभाळाची वेगळी काच आणि समुद्राची वेगळी काच घेतली आणि दोन्ही एका कागदावर छापल्या. लोक थक्क झाले. पुढे अणुस्फोटांची छायाचित्रं घेण्यासाठी अमेरिकेत चार्ल्स वायकॉफने वेगवेगळ्या संवेदनशीलतेचे थर असलेली फिल्म बनवली. आणि १९९७ मध्ये पॉल डेबेव्हेक व जितेंद्र मलिक यांनी अनेक एक्सपोजरमधून मूळ उजेडाचा हिशेब परत कसा काढायचा याची गणिती रीत मांडली. हे मलिक मथुरेत जन्मलेले, कानपूरच्या आयआयटीत शिकलेले. २०१० मध्ये आयफोनमध्ये एचडीआरचं बटण आलं. आज ते बटण शोधायचीही गरज उरलेली नाही. साधा फोनसुद्धा एका दाबात अनेक फ्रेम घेतो, जुळवतो आणि तयार फोटो हातात ठेवतो. ‘मी एचडीआर वापरत नाही’ असं फोनवर फोटो काढणारा कुणी म्हणत असेल तर त्याने सेटिंग उघडून पाहावं.

निसर्गदृश्यासाठी हे ठीक. भरतगड जागचा हलत नाही. वन्यजीवांचं गणित वेगळं आहे, कारण त्यात जीव आहे.

समजा कॅमेरा सेकंदाला दहा फ्रेम घेतो आणि ब्राह्मणी घार सेकंदाला दहा मीटर वेगाने जाते आहे. दोन फ्रेमच्या मधल्या वेळात ती एक मीटर पुढे सरकली, म्हणजे जवळजवळ आपल्या पंखांच्या पसाऱ्याइतकी. तीन फ्रेम एकावर एक ठेवल्या तर एका घारीच्या तीन पुसट घारी होतात. सॉफ्टवेअरवाले याला ‘घोस्ट’ म्हणतात. कोकणात भुतांची वाण कधीच नव्हती, त्यात ही भर! ती भुतं काढण्यासाठी सॉफ्टवेअर काय करतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. जो भाग हलला आहे तिथे ते तीनपैकी एकच फ्रेम ठेवतं आणि बाकीच्या टाकून देतं. म्हणजे ज्या पक्ष्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तो पक्षी शेवटी एकाच एक्सपोजरमधून येतो. एचडीआर होतं ते फक्त मागच्या झाडांचं. म्हणूनच अशा फोटोत पक्षी कापून चिकटवल्यासारखा दिसतो. त्याच्या अंगावरचा उजेड एका क्षणाचा आणि भोवतीचा तीन क्षणांचा. पाण्याचंही तेच. भरतीच्या लहरी तीन फ्रेममध्ये तीन ठिकाणी असतात, त्या मिसळल्या की खाडीचं पाणी साय धरल्यासारखं होतं.

म्हणून उडत्या, पळत्या जीवासाठी मी एकच रॉ फाईल घेतो. ब्राह्मणी घारीचं डोकं आणि छाती पांढरी, बाकी अंग विटकरी. पांढरं जळणार नाही एवढा एक्सपोजर खाली ठेवायचा आणि विटकरी रंग नंतर घरी थोडा वर आणायचा. आजच्या सेन्सरमध्ये एवढी जागा असते. कुणी यालाही ‘एका फाईलचं एचडीआर’ म्हणतं. म्हणोत. त्यात निदान एकच क्षण असतो.

मग तीन-पाच फ्रेमचं एचडीआर वन्यजीवात कुठेच नको का? हवं, आणि ते कुठे हवं हे सांगताना मला आनंद होतो. जुन्या झाडावर वटवाघळांची वसाहत असते. सकाळी गारव्यात ती पंख लपेटून निवांत लटकलेली असतात, मागे पांढरं आभाळ. एका फोटोत ती नुसती काळी फळं दिसतात. इथे बरेच जण फ्लॅश मारतात. दिवसाची झोप घेणाऱ्या प्राण्याच्या डोळ्यांत फ्लॅश मारण्यापेक्षा दुरून ट्रायपॉड लावून तीन एक्सपोजर घेतलेले शतपटीने बरे. पाण्याकाठी दगडासारखी बसणारी ढोकरी, खडकावर ऊन खाणारी घोरपड, संध्याकाळी झाडावर जमलेले रातबगळे या सगळ्यांना एचडीआर लागू पडतं. प्राणी लहान आणि त्याचं घर मोठं दाखवायचं असेल तिथे तर ते खासच उपयोगी. कांदळवनाचा फोटो म्हणजे काळ्या मुळांचा आणि लखलखत्या पाण्याचा फोटो, दोन्ही दिसल्याशिवाय ते जंगल कळत नाही. माझी या तंत्राबद्दलची पहिली कसोटी हीच आहे की त्याने प्राण्यापासूनचं अंतर वाढलं की कमी झालं. वाढत असेल तर खुशाल वापरा.

आता तक्रारीचा मुद्दा. सावली ही पक्ष्याच्या अंगावर पडलेली घाण नाही. ती पुसून काढायची नसते.

बाजारातला ताजा बांगडा आठवा. पाठ गडद, हिरवट-निळी, पोट चांदीसारखं. समुद्री गरुडाचंही पोट पांढरं, डॉल्फिनचंही वरून गडद आणि खालून फिकट. याचा अर्थ १८९६ मध्ये अॅबट थेयर नावाच्या एका अमेरिकी चित्रकाराने उलगडून दाखवला. उजेड वरून येतो, त्यामुळे कोणत्याही गोल वस्तूची वरची बाजू उजळ आणि खालची काळोखी होते, आणि त्यावरूनच ती गोल आहे हे डोळ्याला कळतं. प्राण्याची पाठ गडद आणि पोट फिकट असेल तर हा फरक पुसला जातो, तो सपाट होऊन भोवतालात विरघळतो. मासा, हरीण, पाणपक्षी अशा कितीतरी जीवांच्या अंगावर हा हिशेब मांडलेला आहे. त्या पोटावरची सावली हा त्यातला अर्धा भाग. आपण सॉफ्टवेअरमध्ये सावलीची पट्टी पूर्ण उजवीकडे ओढली की ते पांढरं पोट पाठीपेक्षा जास्त चमकू लागतं. निसर्गात तो प्राणी असा कधीच दिसत नाही, कारण तसा दिसला असता तर तो जगला नसता. लाखो वर्षांचं लपणं आपण एका बोटाने उघडं पाडतो आणि त्याला ‘डिटेल’ म्हणतो.

अशाच एका धनेशाचा फोटो मी आमच्या होडीवाल्याला मोबाईलवर दाखवला होता. माझा नव्हता, कुठून तरी फिरत आलेला. या माणसाचं अर्धं आयुष्य खाडीत गेलं. त्याने फोन लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाला, “मास्तरांनू, ह्यो आमच्या वडारचो नाय. आमचो काळो दिसता. ह्येच्या पोटात बल्ब कोणी लायल्यान?” इतकी नेमकी समीक्षा मी छायाचित्रणाच्या एकाही मासिकात वाचलेली नाही.

यावर एक उत्तर मिळतं, आणि ते पोकळ नाही. सालिम अलींच्या १९४१ सालच्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’मधले पक्षी चित्रात रंगवलेले होते. त्या चित्रांत कुठे सावली असते? प्रत्येक पक्षी पूर्ण उजेडात, बाजूने, स्वच्छ. मग तेच छायाचित्राने केलं तर काय बिघडलं? फरक इतकाच की चित्र हे चित्र म्हणून आपल्यापुढे येतं. चित्रकाराने अनेक पक्षी पाहून एक नमुना उभा केला आहे हे वाचणाऱ्याला माहीत असतं. फोटो मात्र म्हणतो, अमुक दिवशी, अमुक जागी, हा एक पक्षी असा होता. ओळख पटवण्यासाठी कुणी उजळलेला फोटो वापरत असेल तर माझी हरकत नाही, त्याखाली तसं लिहावं.

मोठ्या स्पर्धांनी यावर विचार केलेला आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ ही स्पर्धा एचडीआरला मज्जाव करत नाही. अट अशी की मूळ दृश्यात होतं ते बदलता कामा नये, आणि अंतिम फेरीतल्यांना मूळ फाईल दाखवावी लागते. २०१८ मध्ये याच स्पर्धेने मार्सिओ काब्राल यांचं आदल्या वर्षी बक्षीस मिळालेलं चित्र बाद केलं, कारण त्यातला मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. उजेडाचं कसब सगळं खरं होतं, पण प्राणी जिवंत नव्हता.

आपल्या मराठी मुलखातली दोन उदाहरणं मला जास्त जवळची वाटतात. २०१६ मध्ये नयन खानोलकर यांना शहरी विभागातलं बक्षीस मिळालं ते मुंबईच्या आरे कॉलनीतल्या बिबट्याच्या चित्राला. रात्रीची गल्ली, घरं, आणि मधून चालत येणारा बिबट्या. तिथे तीन एक्सपोजर जोडायचा प्रश्नच नव्हता, बिबट्या थांबणार थोडाच. त्यांनी आधी जागा पाहिली, गल्लीतला नेहमीचा उजेड कसा पडतो ते पाहिलं, आणि आपले दिवे त्याच्याशी जुळतील असे लावून वाट पाहिली. उजेडाचा तोल दृश्यातच साधला, नंतर संगणकावर नाही. दुसरं उदाहरण पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधर यांचं. भंडारदऱ्याजवळ काजव्यांनी पेटलेलं झाड आणि वर चांदण्यांचं आभाळ, या त्यांच्या चित्राचा २०२० मध्ये त्याच स्पर्धेत गौरव झाला. त्यात एकाहून अधिक दीर्घ एक्सपोजर एकत्र केलेले आहेत, आणि ते चित्रासोबत सांगितलेलं आहे. म्हणजे फ्रेम जोडणं हा गुन्हा नाही. काजवे एका एक्सपोजरमध्ये मावत नाहीत, तिथे जोडणं हाच प्रामाणिक मार्ग. सांगितलं की झालं.

सांगण्यावर मी इतका अडून का बसतो, ते आता लिहितो.

कालावलच्या खाडीत वाळू उपसा हा आमच्या भागातला जुना आणि दुखरा विषय आहे. काठ ढासळतात, माडाच्या बागा पाण्याकडे झुकतात. लोक तक्रारी करतात, आणि तक्रारीला पुरावा लागतो. पुरावा म्हणजे आजकाल मोबाईलचा फोटो. एका होतकरू पोराने पहाटे, वाळूच्या होड्या लागतात त्याच जागी, पाणमांजरांची जोडी टिपली. जीव दुर्मीळ, जागा नेमकी, वेळ नेमकी. त्याच्या फोनने नेहमीप्रमाणे अंधारात अनेक फ्रेम घेऊन जोडल्या. परिणाम असा की एका पाणमांजराला दोन शेपट्या, पाणी काचेसारखं गुळगुळीत, आणि सूर्य उगवायच्या आधीचं आभाळ नारिंगी पेटलेलं. पोरगा तो फोटो घेऊन एका कार्यालयात गेला. समोरच्या माणसाने दोन बोटांनी चित्र मोठं केलं, शेपट्या मोजल्या, आणि “हे एडिट केलेलं आहे” म्हणून फोन परत दिला. विषय संपला. मुलाने एका अक्षराचंही खोटं केलं नव्हतं. पाणमांजरं तिथे होती, मी स्वतः त्यांच्या पावलांचे ठसे दुसऱ्या दिवशी ओल्या रेतीत पाहिले. पण फोटोची साक्ष गेली ती गेलीच. आणि ज्याला दुर्लक्ष करायचंच होतं त्याला आयतं कारण मिळालं.

आता त्या कार्यालयातल्या माणसाला मी पूर्ण दोष देऊ का? तोही दिवसभर पोटात बल्ब लावलेले धनेश फॉरवर्ड होताना पाहतो. फोटो म्हणजे सजावट, हे आपणच त्याला शिकवलं आहे. मग जेव्हा फोटो गवाही म्हणून पुढे येतो तेव्हा तो हसतो.

हदीसच्या अभ्यासकांनी एक शिस्त घालून दिली, ती बिगरमुस्लिम वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. एखादं वचन नुसतं सुंदर आहे म्हणून स्वीकारलं जात नाही. ते कुणी कुणाकडून ऐकलं, त्याने कुणाकडून, अशी पूर्ण साखळी सोबत लागते. तिला इस्नाद म्हणतात. साखळीतला प्रत्येक माणूस कोण, त्याची स्मरणशक्ती कशी, तो त्या काळात त्या गावात होता का, हे तपासलं जाई. साखळी तुटकी असेल तर वचन कितीही गोड असो, त्याचा दर्जा उतरतो. छायाचित्रातही अशी साखळी असते. रॉ फाईल, तिच्या पोटातली तारीख-वेळ, शटर, किती फ्रेम, कोणतं सॉफ्टवेअर. व्हॉट्सअॅपवर पाठवलं की यातलं बहुतेक गळून पडतं आणि उरतं ते नुसतं सुंदर वचन. त्या पोराला मी सांगितलं, फोनमध्ये रॉचा पर्याय असेल तर तो चालू ठेव, आणि मूळ फाईल कधीही पुसू नकोस. त्याने ऐकलं.

चाँदरातीचा विषय यात आणू नये असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. एकोणतिसाव्या संध्याकाळी किनाऱ्यावर उभे राहणारे आपण सगळे आता फोन वर करूनच उभे असतो. नुसत्या डोळ्याला क्षितिजावर धुरकट पट्ट्याखेरीज काही दिसत नाही, फोनच्या पडद्यावर मात्र आभाळ उजळतं. २०२३ मध्ये सॅमसंगच्या फोनबद्दल जगभर वाद झाला होता. एकाने चंद्राचं मुद्दाम धूसर केलेलं चित्र पडद्यावर लावून त्याचा फोटो काढला, आणि फोनने त्यात मुळात नसलेले तपशील भरून दिले. हे एचडीआरच्या पुढचं पाऊल आहे, पण वाट तीच. चाँद फोनमध्ये दिसला म्हणजे दिसला का, हे उलेमा ठरवतील, माझं ते काम नाही. मला इतकंच कळतं की डोळ्याने पाहणं आणि यंत्राने जुळवणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत हे आपल्या लोकांना चाँदच्या बाबतीत लगेच समजतं. धनेशाच्या बाबतीत समजायला तितकं अवघड नसावं.

पर्यटनाचं एकच वाक्य. लखलखीत फोटो पाहून आलेल्या माणसाला खाडीत खरा पक्षी काळपट दिसतो, मग तो होडी आणखी जवळ न्यायला सांगतो, आणि होडीवाल्याला पोट आहे.

‘छायाचित्रकाराला कलेचं स्वातंत्र्य नाही का’ असं विचारणाऱ्या तरुण मित्रांना माझं म्हणणं असं की आहे, भरपूर आहे. आभाळ जांभळं करा, खाडी सोन्याची करा, भिंतीवर लावा. मी स्वतः एका शाळेच्या व्हरांड्यासाठी कांदळवनाचा पाच एक्सपोजरचा मोठा फोटो करून दिला आहे आणि तो मला आवडतो. त्याखाली बारीक अक्षरांत ‘पाच एक्सपोजर, सकाळी साडेआठ, ओहोटी’ एवढं लिहिलं. मुलं विचारतात, सर, पाच का? मग मला उजेडाचा धडा घ्यायला मिळतो. लिहिल्याने चित्राचं सौंदर्य कमी झालेलं मला तरी दिसलं नाही.

सावली ओढण्याला स्वतःपुरती मर्यादा म्हणून मी एक साधी गोष्ट करतो. फोटो घेतल्यावर त्याच जागी डोळे एक मिनिट त्या अंधाऱ्या भागावर ठेवतो आणि मला काय दिसलं ते वहीत लिहितो. ‘मुळं दिसतात, मुळांमागचं काही नाही.’ घरी संगणकावर सावली उचलताना वहीत लिहिलं आहे तिथे थांबतो. डोळा हे काही तंतोतंत यंत्र नव्हे, माझा तर आता चष्म्याचा. तरी सॉफ्टवेअरच्या ‘ऑटो’ बटणापेक्षा मला त्याचा भरवसा जास्त आहे.

येत्या हंगामासाठी एक विनंती आहे. धनेशाची मादी अंडी घालताना झाडाच्या ढोलीत स्वतःला बंद करून घेते. तोंड लिंपून टाकते, चोच बाहेर येईल एवढी एक उभी फट ठेवते, आणि नर त्या फटीतून तिला उंबर-वडाची फळं भरवत राहतो. माणसांची वर्दळ वाढली तर नर यायला कचरतो आणि आतली उपाशी राहते. या फटीच्या आत काय आहे ते दाखवण्याची आपल्या फोटोग्राफरांना भारी हौस. ढोलीपाशी जाऊन टॉर्च मारणारे आहेत, फ्लॅश मारणारे आहेत, आणि आता सहा-सात एक्सपोजर घेण्यासाठी झाडाखाली तासभर ट्रायपॉड रोवून बसणारेही आहेत. हे करू नका. लांबून, झाडाच्या आडून, एकच एक्सपोजर घ्या आणि निघा. माझ्याकडे असा एक फोटो आहे. खोडावर ऊन आहे, नर पंख मिटून फांदीला बिलगलेला आहे, आणि फटीत चोचीचं टोक सोडलं तर सगळं काळं आहे. गेल्या वर्षी एकाने तो मागून घेतला आणि आतला भाग उजळून परत पाठवला. आत करड्या ठिपक्यांखेरीज काहीही निघालं नाही.